कप्पीतला झेंडू

मी शिडं शिवते असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला. "अजून असतात शिडं?" असतात बाबा! रोज पामबीच रोडवरून गाड्या पळवता, कधीतरी काच खाली करून खाडीकडे बघा. पण ते जाऊ दे. दिवाळी अंकाच्या बाईंनी फोनवर सांगितलं, "ताई, कामाचे छान छान अनुभव लिहा, हलकेफुलके." मी हो म्हटलं आणि बसले. लिहिलं, फाडलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा फाडलं. हलकंफुलकं माझ्याकडे सध्या काही नाही. गेल्या वर्षीपासून माझं डोकं तापलेलं आहे, आणि ते एका कप्पीमुळे. तेव्हा तेच लिहिते. बाईंना चाललं तर छापतील, नाही तर राहिलं.

आधी धंदा सांगते, म्हणजे पुढचं कळेल. माझे वडील करावे गावात मासेमारीच्या मचव्यांची शिडं हातानं शिवायचे. मचव्यांना इंजिनं बसली, जुनी शिडं पावसात छपरावर टाकायच्या कामाला लागली आणि वडिलांचा हात रिकामा झाला. मग हौशी लोकांच्या होड्या आल्या. डॉक्टर, बिल्डर, रिटायर झालेले जहाजवाले. त्यांची शिडं पांढरीशुभ्र, कडक, हात लावला की कागदासारखी वाजणारी. ती परदेशातून यायची आणि फाटली की इथं कुणाला धड टाका घालता यायचा नाही. मी घातला. तेव्हापासून घालतेय.

तुर्भ्याला एमआयडीसीत माझा गाळा आहे. तिथं मशीन टेबलावर नाही, जमिनीत खड्डा करून बसवलंय, आणि मी खड्ड्यात पाय सोडून बसते. कारण शीड एवढं मोठं की ते टेबलावर पसरणार कुठं? जमीन हेच माझं टेबल. सगळी उमर रांगत काम केलं, गुडघ्यांची पार वाट लागली. शेजारचा खोकी बनवणारा गाळेवाला मला अजून 'मंडपवाली बाई' म्हणतो. खूप वेळा सांगून झालं. आता म्हण काय म्हणायचं ते.

शिवण्याबरोबर शिडाचं बाकी सामानही मीच बसवते. कड्या, आकडे, कप्प्या, दोर. त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे रीफ. होडीवर सगळे रीफच म्हणतात, मीही तेच म्हणणार. मुलीचा परकर लांब झाला की आपण तो कापतो का? नाही. खालून दुमडून टाके घालतो, पोरगी वाढली की टाके उसवतो. शिडाचं तेच. वारा वाढला आणि सगळं शीड वर राहिलं तर होडी आडवी व्हायला लागते. म्हणून शीड थोडं खाली घ्यायचं, खालचा भाग दुमडायचा आणि बांधून टाकायचा. शीड लहान झालं, होडी सरळ झाली. वारा पडला की परत सोडायचं.

त्यासाठी शिडाला दोन कड्या असतात. पुढची कडी डोलकाठीजवळच्या आकड्यात अडकवायची. मागच्या कडीतून एक दोर जातो. शिडाच्या खाली जो आडवा दांडा असतो, ज्याला बूम म्हणतात, त्याच्या मागच्या टोकाला एक कप्पी असते. दोर त्या कप्पीवरून वळून पुढे माणसाच्या हाताशी येतो. आकडा अडकवला, दोर खेचला, मागची कडी खाली येऊन घट्ट बसली, संपलं काम. शिडाच्या मधे छोट्या नाड्या असतात, पण त्या फक्त लोंबणारं कापड आवरायला. जोर दोन टोकांनी घ्यायचा, नाड्यांनी नाही. एवढं लक्षात ठेवा.

गिऱ्हाइकं म्हणाल तर एकेक नग. ऐरोलीच्या एका सॉफ्टवेअरवाल्यानं डोलकाठीच्या पोटात शीड गुंडाळणारी सिस्टीम मागवली. बटण दाबलं की शीड आत, बटण दाबलं की बाहेर. चांगली असते, मी काही जुन्याला कवटाळून बसणारी नाही. पण गुंडाळताना शिडाला थोडा ताण द्यावा लागतो. ह्यानं दिला नाही. शीड आत चुरगळून असं बसलं की ना आत जाईना ना बाहेर येईना. मला फोन. "मॅडम, ह्याला रीस्टार्ट कसं करतात?" मी म्हटलं, "आधी तुम्ही खाली बसा, पाणी प्या."

आणि दुसरे नेरुळचे कॅप्टन सबनीस. मालवाहू जहाजांवर आयुष्य घालवलं, आता एक छोटी शिडाची होडी बाळगून आहेत. पान हलत नसलं तरी जेट्टी सोडण्याआधी हा माणूस रीफ घेणार. दोर सरकतोय का, आकडा मोकळा आहे का, बघणार, मग सोडणार, मग निघणार. आजूबाजूच्या होड्यांवरून लोक ओरडायचे, "काका, तुफान आलं वाटतं!" मीही हसायचे. एका नाडीच्या जाडीवरून त्यांनी माझ्याशी कडाकडा भांडण केलंय, गाळ्यात उभं राहून. मी त्यांना तोंडावर 'किरकिरे' म्हटलंय.

आता त्या कप्पीकडे येते.

बेलापूरच्या खाडीत 'निळाई' नावाची मोठी होडी आहे. मालक देसाई, आम्ही सगळे त्यांना देसाईशेठ म्हणतो. होडीवर वाढदिवस, साखरपुड्याचे फोटो, ऑफिसच्या पार्ट्या, असा धंदा. तिच्यावर तांडेल होता जनार्दन, आमच्या गावचा जना. तांडेल म्हणजे होडीवर ज्याचा शब्द शेवटचा. बापाच्या मचव्यावर वाढलेला. पाण्याचा रंग बघून वाऱ्याचं सांगायचा, आणि बहुतेक वेळा बरोबर सांगायचा. मला शकूताय म्हणतो. गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात 'निळाई'ची रीफची सगळी सिस्टीम मी नवीन बसवली, आणि जनानं प्रत्येक दोर स्वतः ओढून बघितला होता.

पावसाळा सरत आला होता. एक दिवस सकाळी देसाईशेठचा फोन. नमस्कार नाही, चमत्कार नाही. "ताई, माझं शीड फाटलं. तुमच्या सिस्टीमनं फाडलं की माझ्या तांडेलानं, एवढंच मला सांगा."

झालं होतं ते असं. आदल्या दिवशी दुपारी 'निळाई' पाहुणे घेऊन द्रोणागिरीच्या बाजूला गेली होती. वारा एकदम चढला. रीफ घेताना गडबड झाली, शीड फाटलं, इंजिनावर होडी परत आणली. पाहुण्यांना ओरखडाही नाही. जनाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली. अंगठ्याशेजारची दोन. देसाईशेठनी हे शेवटी सांगितलं, तेही असं, की "आणि हो, त्याच्या हाताला पण लागलंय."

हाताला पण लागलंय! मी फोन आपटला.

मग कळलं की खरं दुखणं वेगळंच आहे. एका पाहुण्यानं व्हिडिओ काढला होता. त्यात जना ओरडतोय, "खाली बस! मरायचं हाय काय?" आणि पुढे दोन कचकचीत शिव्या. बूम डोक्यावरून फिरत असताना जो माणूस मोबाइल घेऊन उभा राहतो त्याला दुसरं काय म्हणायचं? 'कृपया आसनस्थ व्हा'? पण व्हिडिओ फिरला, लोकांनी बुकिंगं रद्द केली, आणि देसाईशेठना कापायला एक मान हवी होती. जनानं रीफ वेळेवर घेतला नाही, घाबरला, असं मी सोमवारी त्यांच्या ऑफिसातल्या मीटिंगमध्ये सांगायचं. मग त्याला काढायचा आणि त्याचं लायसनही रद्द करायला लावायचं. तांडेलाचं लायसन गेलं की तो कुठल्याच होडीवर तांडेल राहत नाही. जनाला दुसरं काही येत नाही. त्याला दुसरं काही नकोच होतं.

मी त्याच दिवशी जेट्टीवर गेले. खरं सांगते, मनात धाकधूक होती. सिस्टीम माझी होती ना.

शीड पसरून बघितलं. फाटलं होतं ते मधल्या नाड्यांपासून, मागच्या बाजूनं. पुढची कडी आकड्यात व्यवस्थित अडकवलेली होती, तिथं एक दोरा उसवला नव्हता. म्हणजे आकडा शांतपणे अडकवला गेला होता, नाड्याही बांधल्या होत्या, फक्त मागची कडी खाली आलीच नव्हती. म्हणून जोर नाड्यांवर आला आणि कापड गेलं. घाबरलेला माणूस असा आकडा अडकवत नाही. जनानं रीफ वेळेत घेतला होता. दोर आला नव्हता.

मग बूमच्या टोकाची कप्पी बघितली. चाक हलेना. पकडीनं उघडली तर चाकाच्या आणि बाजूच्या पत्र्याच्या मधे दोरा गुंडाळलेला, बारीक, चिवट नायलॉनचा, आणि त्यात चेंगरून बसलेला झेंडू. प्लॅस्टिकचा. भगवा. त्याच्यावर वाळलेलं रक्त होतं.

माझ्या डोळ्यांसमोर सगळं उभं राहिलं.

आमच्या गावात नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ देतात आणि होडीला झेंडूचा हार घालतात. तो हार हातानं काढायचा नाही. आपोआप गळून पडला पाहिजे, दर्यानं घेतला पाहिजे. लहानपणापासून बघत आले, आणि ह्यात कधी काही वाईट झालं नाही. झेंडू सुकतो, वाऱ्यानं झडतो, सुताचा दोरा कुजून तुटतो. एक दिवस बघावं तर हार नाही. बायका म्हणायच्या, घेतला बाय दर्यानं. 'निळाई'ला हार घालायची ती जनाची बायको वनिता. सीवूड्सच्या मार्केटात मासळी विकते. पहाटे फुलं आणून स्वतः ओवायची.

देसाईशेठना ते सुकलेले झेंडू फोटोत चालेनात. "जना, काढ तो कचरा." "काढायचा नसतो शेठ." दर वर्षीचं भांडण. शेवटी गेल्या वर्षी शेठनी अक्कल चालवली. वाशीतून प्लॅस्टिकच्या झेंडूचा लांबलचक हार आणला आणि वनिताच्या हातात दिला. "वहिनी, हाच बांधा. तुमचा रिवाज पण राहिला, माझे फोटो पण राहिले." मी त्या दिवशी जेट्टीवरच होते, हे माझ्या कानांनी ऐकलंय. वनितानं हळदकुंकू लावून तो हार डोलकाठीपासून बूमच्या टोकापर्यंत बांधला. आणि रिवाजाप्रमाणे कुणी काढला नाही. पण प्लॅस्टिक कुठं गळतंय? नायलॉन कुठं कुजतंय? तो हार तसाच फडफडत राहिला. पाहुण्यांच्या सहली शांत वाऱ्यात, रीफ लागलाच नाही. लागला त्या दिवशी दोर सरकला आणि हाराचं टोक घेऊन कप्पीत शिरला. ते सोडवायला जनानं हात घातला आणि बोटं दोराखाली सापडली.

एखादी गोष्ट कुठल्या सामानानं बनलीय हे न बघता नुसती तिची रीत तेवढी उचलायची, ह्याला काय म्हणायचं? माझ्या धंद्यात सुताच्या जागी नायलॉन घातला तर गाठसुद्धा वेगळी मारावी लागते, नाहीतर ती सुटते. हे एवढं साधं आहे. आणि हे आम्हां गाववाल्यांपैकी एकाच्याही डोक्यात आलं नाही. नुसत्या देसाईंना शिव्या देऊन मी मोकळी होत नाही.

कप्पी पिशवीत टाकून मी जनाच्या घरी गेले. हात गुंडाळलेला, गळ्यात अडकवलेला. वनिता चहा ठेवायला आत गेली.

"जना, कप्पीत हार अडकला होता."

त्यानं आधी स्वयंपाकघराकडे बघितलं. "हलू बोल."

"हळू कशाला बोलू? तुझी चूक नाही. सोमवारी मीटिंगमध्ये कप्पी ठेवते टेबलावर, बघू शेठ काय बोलतो."

"नाय ठेवायची." तो माझ्या जवळ सरकला. "वनीनं बांधलाय त्यो. तिला कळलं तर ती जगंल काय? आनि गाव? गाव काय बोलंल, बायकोनं हार घातला नि नवऱ्याची बोटां खाल्ली. जल्मभर बोलतील. माजी बोटां ग्येली, ग्येली. तिच्या मागं ह्यो शिमगा नको."

"आणि तुझं लायसन?"

"जाऊ दे लायसन."

वनिता चहा घेऊन आली. मी चहा न पिता उठले, पहिल्यांदाच त्या घरातून. मला इतका राग आला होता की कपबशी फोडली असती.

सोमवारी बेलापूरला शेठच्या ऑफिसात आम्ही तिघं. एसी असा की हाडं गारठावी. मी शिडाचं सगळं समजावून सांगितलं, आकडा, नाड्या, फाटलं कुठून. मग पिशवीतून कप्पी काढली आणि काचेच्या टेबलावर ठेवली, झेंडूसकट. देसाईशेठनी कप्पीकडे बघितलं. त्यांनी तो झेंडू ओळखला. माझ्याकडे मात्र बघितलं नाही.

"जना, तू सांग," ते म्हणाले.

जना म्हणाला, "रीफ म्या उशिरा घेतला शेठ. चूक माजी. ही कप्पी 'निळाई'ची नाय."

माझ्या तोंडावर! माझ्या हातानं बसवलेली कप्पी, त्याच्या रक्तानं माखलेली, आणि म्हणे 'निळाई'ची नाय! मी ताडकन उठले. "अरे गाढवा, काय बोलतोयस तू?" आणि देसाईशेठच्या चेहऱ्यावर असा काही आराम पसरला की मला ते तोंड आजही विसरता येत नाही. "ठीक आहे ताई, त्यानं स्वतः कबूल केलंय, आपण कशाला ताणायचं?" आपण! लायसनचं नंतर बघू म्हणाले, जसे काही उपकार केले. नोकरी त्याच दिवशी गेली.

त्यानंतर काही दिवस मी गाळ्यात येणाऱ्या-जाणाऱ्यावर खेकसत होते. देसाईंवर राग होताच, पण त्याहून जास्त जनावर. हा कसला मोठेपणा? बायकोला वाचवायचं म्हणून स्वतःचं नाव बुडवायचं, माझं काम बुडवायचं आणि ज्यानं ते प्लॅस्टिक आणलं त्याला मोकळा सोडायचा? शेवटी न राहवून एक दिवस मी सीवूड्सच्या मार्केटात गेले. वनिताला सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते.

ती कोयत्यानं सुरमई कापत होती. मला बघून पाट पुढे सरकवला. मी बसले. सुरमईचा भाव विचारला मी! तीच कोयता खाली ठेवून म्हणाली, "शकूताय, कप्पीत हार व्हता ना?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुनी नाय. हास्पिटलात कपडे दिले त्याचे पिशवीत. धुवायला काढले, तर प्यान्टीच्या खिशात हार. तोडून, चुरगाळून कोंबलेला. सगला रक्तानं भरलेला."

मला आधी कळेचना. मग कळलं. बोटं तुटल्यावर, होडी परत आणता आणता, त्या माणसानं दुसऱ्या हातानं बूमवरचा हार तोडला होता आणि खिशात लपवला होता. कुणी बघू नये म्हणून. कप्पीच्या आतलं तेवढं त्याला काढता आलं नव्हतं.

"मग बोलली का नाहीस इतके दिवस?"

"त्यो नाय बोलला. त्याला वाटतं मना ठाव नाय. मी बोलले तर मना वाचवल्याचं त्याचं समाधान पन जाईल." ती डोळे पुसायला गेली आणि हाताला मासळीचं पाणी, म्हणून दंडानं पुसले.

बघा, म्हणजे कमालच! एका घरात राहणारी दोन माणसं, दोघांनाही सगळं माहीत, आणि दोघंही एकमेकांसाठी गप्प. आणि ह्या दोघांच्या गप्प बसण्यावर तिकडे तो देसाई आरामात. मी भर बाजारात ओरडले, "अगं, तुम्ही दोघं जीव द्याल एकमेकांसाठी, पण तोंड उघडायचं नाही!" शेजारच्या कोळणी बघायला लागल्या. वनिता उठली, हात धुतले, टोपली शेजारणीवर सोपवली. "चल," म्हणाली.

"कुठं?"

"शेठकडं."

रिक्षा वाटेत करावेला थांबवून तिनं जनाला घरातून उठवलं. काय झालं त्या घरात मला माहीत नाही, मी रिक्षातच होते. बाहेर आला तेव्हा त्याचे डोळे लाल होते आणि तिनं त्याचा डावा हात धरला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, "तू सांगितलंस." मी म्हटलं, "नाही रे बाबा. तुझ्या खिशानं सांगितलं."

शेठच्या ऑफिसात वनिता खुर्चीवर बसली नाही. अंगाला मासळीचा वास, त्या गुळगुळीत फरशीवर उभी राहिली आणि बोलली. "हार मी बांधला. आनला तुमी. काडू नको सांगितला आमच्या रीतीनं. तिगांचं चुकलं ना शेठ? मग एकट्याचीच नोकरी कशी ग्येली?"

एवढा मोठा माणूस, आणि देसाई काय म्हणाले? "वहिनी, तुम्ही टेन्शन घेऊ नका," म्हणाले. लायसनचा विषय सोडून दिला, तेवढं झालं. आणि मग म्हणाले, जनाला परत घेतो, तांडेल म्हणून नाही, पण पाहुणे आले की दारात उभं राहून सरबत द्यायला माणूस लागतोच. तीन बोटांत ग्लास धरता येतो, असंही म्हणाले. हसत म्हणाले.

कप्पी अजून माझ्या पिशवीतच होती, ती काढून मी मारणार होते. जनानंच मला बाहेर काढलं.

पुढचे कित्येक महिने जना घरात बसून. मी गाळ्यात बोलावलं, आला नाही. बेलापूरला जेट्टीवर गोष्ट पसरलीच, तशी ती कॅप्टन सबनीसांपर्यंत गेली. एक दिवस गाळ्यात येऊन उभे. मला वाटलं पुन्हा नाडीचं भांडण. म्हणाले, "शकुंतलाबाई, मला हल्ली लांबचं नीट दिसत नाही. जनार्दनला विचारा, माझी होडी घेईल का."

"हाताखाली?"

"होडीवर तांडेल एकच असतो. आता मी नाही."

मी त्यांना किरकिरे म्हटलं होतं ते मला त्या क्षणी आठवलं. शब्द परत घेतला नाही, किरकिरे तर ते आहेतच. चहा मागवला, स्पेशल.

जना तयार व्हायला फार दिवस गेले. पकड येईना. मी जाड दोर दिले, तो घरी दाराच्या कडीला बांधून ओढत बसायचा. ह्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला तो पहिल्यांदा कॅप्टनांच्या होडीवर चढला. गावातल्या बायका, पोरं, सगळे जेट्टीवर. वनितानं हार आणला होता. खरा झेंडू, सुताचा दोरा. बांधला, हळदकुंकू वाहिलं, जनानं नारळ दिला दर्याला. आणि मग वनितानं पिशवीतून कोयता काढला आणि तो हार कापला.

एक म्हातारी ओरडलीच. "अगो बाय, काय क्येलंस! हार कापतात काय?"

वनितानं हार दोन्ही हातांत धरला, वाकली आणि पाण्यात सोडला. "दर्याला द्यायचा हाय ना? मी हातानं देते. त्यानं कशाला घ्यायला यावं?"

मी इथं लिहिते, मला रडू आलं. आणि रडू आलं ह्याचाही राग आला.

जनानं शीड वर चढवलं. वारा कसला, नावाला नव्हता. तरी त्यानं कॅप्टनांकडे बघितलं, कॅप्टनांनी मान हलवली, आणि त्यानं रीफ घेतला. आकडा अडकवला. दोर धरला, उरलेल्या तीन बोटांत, आणि खेचला. कप्पी फिरली. मागची कडी सरसरत खाली आली आणि घट्ट बसली. परत सोडला. परत घेतला.

तेवढ्यात मागून 'निळाई' निघाली, पाहुणे भरून. पाहुणे आमच्याकडे बोट दाखवून हसत होते, वाऱ्याशिवाय रीफ घेतात म्हणून, आणि व्हिडिओ काढत होते. 'निळाई'च्या डोलकाठीपासून बूमच्या टोकापर्यंत हार होता. भगवा, पिवळा, चकचकीत, अगदी नवा. सुकाणूवर नवीन तांडेल, तरणाबांड, काळा चष्मा. मी जेट्टीच्या टोकापर्यंत पळत गेले, ह्या गुडघ्यांनी. दोन्ही हात वर करून बोंबलले, "अरे, तो हार काढ! कप्पीजवळचा हार काढ!"

इंजिनाच्या आवाजात त्याला काय ऐकू जाणार? त्याला वाटलं, मी निरोप देतेय. त्यानं हसून हात वर केला आणि हलवला. पाचही बोटं होती त्याची.